खालचा सूर

जळगावहून धुळ्याला जाणाऱ्या एसटीत माझ्या शेजारी एक म्हातारा बसला होता. जाड आवाजात तो एक ओळ गायचा, मग गप्प व्हायचा, मांडीवर बोटाने ठोके मोजायचा आणि पुढची ओळ उचलायचा. मी पडलो नाटकवेडा. अशाच एका गप्प जागी मी मोठ्या थाटात "वाहवा" म्हणालो.

त्याने माझ्याकडे पाहिलं. "आत्ता अक्का गात होती, भाऊ. तुम्ही मधीच बोलले."

मग खुलासा झाला. ते बायबलातलं स्तोत्र होतं, चारेकशे वर्षांपूर्वी युरोपात कुणीतरी चार आवाजांसाठी बांधलेलं. धुळ्याच्या चर्चमध्ये हा, अक्का आणि आणखी दोघं ते मराठीतून गात; एकाची ओळ चालू असताना दुसऱ्याने ठोके मोजत थांबायचं. दोघं आधीच गेले. वरची चाल गाणाऱ्या अक्काला आज माती द्यायची होती आणि तिथे गायला खालच्या सुराचा हा एकटाच उरला होता.

"मग आज वरची चाल तुम्हीच गा की," मी शहाणपणा केला. "नुसता खालचा सूर कुणाला कळणार?"

"अक्काले कळी," तो म्हणाला.

धुळे आलं. गाडी रिकामी झाली. म्हातारा मात्र बोट वर धरून, डोळे मिटून बसलेला. त्याची ओळ संपली होती, तिची संपायची होती.

"आबा, उतरा आता," कंडक्टर म्हणाला.

मी त्याला हातानेच थांबवलं. "जरा दम धरा," मी हळूच म्हणालो, "बाई गाताहेत."