टेकू न लावलेला घुमट

ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंगच्या हृषीकेश पाटणकरला कोणी "जमणार नाही" म्हटलं, की तो पेटलाच म्हणून समजा. शिकायला आला, स्टीलवर्क्समध्ये नोकरीला चिकटला, इथलाच झाला. हट्ट मात्र पुण्याचाच राहिला.

लॉकडाउनमध्ये त्याने फ्लॉरेन्सच्या जुन्या चर्चचा व्हिडिओ पाहिला. सहाशे वर्षांपूर्वी तिथला अवाढव्य विटांचा घुमट खाली लाकडाचा सांगाडा न उभारता बांधला होता. हे ऐकताच गडी परसात गेला आणि पिझ्झाच्या भट्टीवर तसाच घुमट रचू लागला.

दोनदा विटा घसरून सगळा ढीग झाला.

"मेट, खालून लाकूड लाव!" कुंपणापलीकडून म्हातारा इटालियन शेजारी जीनो ओरडला.

"तुमच्या फ्लॉरेन्सवाल्यांनी लावलं होतं का?" हृषीकेश खेकसला.

मग त्याने त्या चर्चच्या घुमटाचा फोटो मोठा करून पाहिला. आडव्या विटांमध्ये ठरावीक अंतरावर एकेक वीट उभी होती; तीच बाकीच्यांना घसरू देत नव्हती. त्याने तसंच रचलं. यावेळी घुमट माथ्यापर्यंत पोचला.

"हाही पडणार," असं रोज बजावणारी त्याची बायको मिताली सांधे पक्के वाळेपर्यंत थांबली. मग चहाचा कप घेऊन सरळ घुमटावर चढून बसली.

"जीनोकाका," ती वरून ओरडली, "लॉकडाउन उठला की पिझ्झा खायला या! आणि ते लाकूड आणा हं, जाळायला लागेल!"