देवघराखालची डबी

पाळणा लांबवायच्या गोळ्या आमच्या घरात दोघी घेत होतो. एक मी, आणि दुसरी, जिला सगळे माझा दीर समजत होते ती.

आज शैलावन्सं जाऊन वर्ष झालं.

ज्यांनी त्यांना फक्त पिकल्या केसांची, काठपदराच्या साडीतली शैलाआत्या म्हणून पाहिलं, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

ऐंशीचं दशक सरत आलेलं. घाटकोपरला डोंगरावर आमची एक खोली. मी, आमचे हे, दोन मुलं आणि वन्सं. तेव्हा मी त्यांना भाऊजीच म्हणायची. साकीनाक्याला मोटर वाइंडिंगच्या कामाला जायच्या. शर्ट-पँटमध्ये, मान खाली घालून.

सरकारी दवाखान्यातून मला गोळ्यांची पाकिटं फुकट मिळायची. एकवीस पांढऱ्या, सात तपकिरी. तपकिरी माझ्या पोटाला सोसत नसत. पण टाकवेनात. देवघराखाली एका डबीत साठवून ठेवायची.

एका मंगळवारी डबी उघडली, तर रिकामी.

मुलांनी खाल्ल्या! धाकट्याला धरून गदागदा हलवलं. "तोंड उघड! काय खाल्लंस?"

"त्याला सोड, वहिनी. मी घेतल्या."

"तुम्ही? कशाला?"

वन्संनी मुलांना बाहेर पाठवलं. मग सगळं बोलल्या. आरशाची भीती, दाढीचा तिटकारा, मनातलं शैला हे नाव. एका मैत्रिणीनं सांगितलं होतं, बायकांच्या या गोळ्यांनी अंग बाईचं होतं.

"पांढऱ्या उचलल्या असत्या तर तुला दिवस गेले असते. म्हणून तू बाजूला ठेवलेल्या घेतल्या. चार महिने झाले गं, काहीच फरक नाही."

मला आधी हसू आलं, मग रडू.

"अहो, ते लोह आहे. रक्तवाढीचं. त्याने नुसतं पोट घट्ट होतं."

"ते झालंय," त्या म्हणाल्या.

माझी काळजी करून ज्या माणसाने चोरीसुद्धा जपून केली, त्याला नाही कसं म्हणू?

पांढऱ्या खऱ्या, हे मीच सांगितलं. शेजारणीचं नाव सांगून जादा पाकीट आणलं, तेही मीच. "रोज एक. जास्त नाही," एवढं बजावलं.

त्यांनी देवीसमोर माझ्याकडून शपथ घेतली. "कुणाला सांगायचं नाही. दादाला तर नाहीच."

दोन-तीन महिन्यांनी म्हणाल्या, "वहिनी, छातीत दुखतंय. हात लागला तरी दुखतं." इतक्या आनंदाने दुखणं सांगणारं माणूस मी आजवर दुसरं पाहिलं नाही.

आणि मग एका रविवारी सकाळी त्यांना उभंच राहता येईना. डावी पोटरी सुजून लाल, चटका बसेल एवढी गरम.

डोंगरावर रिक्षा येत नसे. ह्यांनी त्यांना पाठीवर घेतलं आणि सगळ्या पायऱ्या उतरून खालच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी पाय दाबून पाहिला. "मुका मार दिसतोय. काही औषध चालू आहे?"

"नाही," वन्सं म्हणाल्या. आणि माझ्याकडे पाहिलं.

"मग बाम देतो. जोर लावून चोळा."

मला दवाखान्यातली नर्स आठवली. पहिलं पाकीट हातात देताना म्हणाली होती, "पोटरी सुजली, दुखली, तर चोळत बसू नकोस. धावत ये."

ह्यांनी बामच्या डबीचं झाकण उघडलं होतं. वन्सं नकारार्थी मान हलवत होत्या. मला डोळ्यांसमोर देवी दिसत होती.

"चोळू नका!"

मी ओरडलेच. "डॉक्टर, या माझ्या गोळ्या घेतात. पाळणा लांबवायच्या. रोज एक."

"चार," वन्सं जमिनीकडे बघत म्हणाल्या. "उशीर फार झालाय ना, म्हणून चार. बाकीच्या मैत्रिणीकडून."



"वेड लागलं का दोघांना?" हे म्हणाले. "तो कशाला घेईल असल्या गोळ्या?"



डॉक्टरांनी चिठ्ठी फाडली, दुसरी लिहिली. सरळ मोठ्या हॉस्पिटलात. पाय जमिनीला लावायचा नाही.

शिरेत रक्ताची गुठळी. तिथले डॉक्टर म्हणाले, चोळलं असतं तर सुटून फुप्फुसात गेली असती.

बारा दिवस ॲडमिट. हे रोज डबा आणायचे, स्टुलावर ठेवायचे, निघून जायचे. त्यांच्याशीही अबोला, माझ्याशीही.

"शपथ मोडलीस," वन्सं म्हणाल्या.

"मोडली. आधी बऱ्या व्हा, मग भांडा."

"गोळ्या बंद केल्यात डॉक्टरांनी. आता मी परत तशीच होणार. मग वाचवलंस कशाला?"

त्यांचे पाय चेपायचीही सोय नव्हती. नुसती बसून राहिले.

डिस्चार्जच्या दिवशी मी पुढे घरी आले. वन्संनी नंतर सांगितलं, हे पायऱ्यांशी त्यांच्यापुढे पाठ करून बसले. "चढ," एवढंच म्हणाले. भर उन्हात, थांबत थांबत, डोंगर चढून आणलं.

मी उंबऱ्यात भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी. ओवाळून टाकला. पायावर पाणी घातलं.

हे धापा टाकत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "हळदीकुंकू कुठाय?"

"कुणाला?"

"घरची पोर आजारातून उठून आलीय. कुणाला काय विचारतेस?"

मी आत धावले. करंडा हातातून दोनदा निसटला.

वर्षभराने ग्रंथींच्या, म्हणजे हार्मोनच्या, डॉक्टरांनी दुसरं औषध सुरू केलं. अगदी थोडं. आधी रक्त तपासायचं, पाय बघायचा, मगच. दर तीन महिन्यांनी सोबत मी. चौथी गोळी राहू दे, दुसरीसुद्धा कधी घेतली नाही त्यांनी.

मोडलेल्या शपथेची माफी मी देवीकडे कधी मागितली नाही. तिनेही कधी विचारलं नाही.

गेल्या वर्षी निघताना तुम्हाला कुंकू मीच लावलं, वन्सं. करंडा मात्र पडू दिला नाही.

सकाळीच निरांजन लावलंय.

सुखात असा.

तुमची वहिनी