उन्हाचं दुसरं ताट

मुलांनो, भूत दिसलं म्हणणाऱ्या माणसाला मी आधी चष्म्याचा नंबर विचारते, हे तुम्हाला माहीत आहे. तीस वर्षं धरणाच्या पाण्याचं नियोजन केलेली बाई मी. आकड्यात बसत नाही ते माझ्या लेखी नाही. तरीही गेल्या मे महिन्यात आपल्या चिंचवडच्या घरात जे झालं, ते जसंच्या तसं लिहिते आहे. तिकडे खुशाल हसा… पण शेवटपर्यंत वाचा.

चाकणच्या वरच्या अंगाला असलेल्या धरणावर तुमचे आजोबा इंजिनिअर होते आणि मी ऑफिसात. ते पाणी मोजायचे, मी वाटायचे — शहराला किती, कंपन्यांना किती, नदीकाठच्या गावांसाठी नदीत किती सोडायचं. पाण्याची पातळी दाखवणारी पट्टी रोज सकाळी वाचायला हौसाबाई होती, अजूनही आहे. "काय नजर आहे तिची, कुमुद! अर्धा सेंटिमीटर चुकत नाही," आजोबा जेवताना म्हणायचे. मी आमटीची वाटी जरा आपटूनच ठेवायचे. माझी वजाबाकी कधी चुकायची नाही, तिचं कौतुक मात्र कधी झालं नाही. हेवा वाटायचा मला. हे तुमच्या आईलाही ठाऊक नाही.

आजोबांना जाऊन तीन वर्षं झाली. मे महिन्यात स्नेहाचा फोन आला. पूर्वी ती माझ्या हाताखाली होती, आता तिथली अधिकारी आहे.

"मॅडम, खालच्या गावांच्या विहिरी आटल्यात. नदीत पाण्याचं एक आवर्तन सोडा म्हणतायत. सोडलं, तर शहराला आणि कंपन्यांना जुलैपर्यंत पुरेल का? तुम्ही एकदा बघाल?"

तिचा तक्ता आला. मंगळवारी सकाळी साडेआठला मी जेवणाच्या टेबलावर आकडेमोड केली. समोर आजोबांची खुर्ची. पाणी पुरत नव्हतं. खाली लिहिलं — नदीत पाणी सोडू नये. पेनाला टोपण लावते आहे, तोच फोन वाजला. हौसाबाई! आजोबांच्या दहाव्याला भेटली होती, त्यानंतर पहिल्यांदाच.

"बाई, रागावू नगा… आत्ता साहेब आलं व्हतं."

"कोण साहेब?"

"आपलं साहेब. पट्टीपाशी हुबं व्हतं. म्हनलं, बाईला सांग, उन्हाला दोनदा वाढलंस."

नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी एक चूक केली होती. उन्हाने उडून जाणारं पाणी आधीच वजा झालेलं असताना पुन्हा वजा केलं होतं. आजोबांनी पेन्सिलीने ते गुपचूप दुरुस्त केलं आणि हळूच म्हणाले, "उन्हाला दोनदा वाढलंत." आमची ओळख तिथून. लग्नानंतर 'वाढलंत'चं 'वाढलंस' झालं. हे वाक्य आमच्या दोघांपलीकडे कधी गेलं नाही… असं मी समजत होते.

पण आधी आला तो राग. हौसाबाईचं गावही त्याच नदीकाठी आहे.

"पाणी हवंय म्हणून साहेबांचं नाव पुढे करता?"

"पानी पायजेच हाय, बाई. पर त्यासाठी मेलेल्या मानसाचं नाव खोटं घीन व्हय मी?"

फोन ठेवून तक्ता पुन्हा पाहिला. स्नेहाने कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं — बाष्पीभवन वजा करून. मी ते परत वजा केलं होतं. माझा कागद टेबलावरून हललाही नव्हता, कोणी पाहिला नव्हता. चूक काढल्यावर एक आवर्तन बसत होतं. त्याच आठवड्यात नदीत पाणी सुटलं.

आजोबांनी ते वाक्य तिला कधीतरी सांगितलं असेल? मग ते आमचं राहिलंच नाही. आणि सांगितलं असलं, तरी त्या सकाळची माझी चूक तिला कुठून कळली? खरंच आले असतील, तर… समोर खुर्ची रिकामी होती की. मग हौसाबाईकडे का?

मला अजूनही उत्तर सापडलेलं नाही. मागच्या आठवड्यात मात्र मी एक केलं. नवा कागद घेऊन तेच गणित मांडलं आणि जाणूनबुजून उन्हाला दोनदा वाढलं. कागद त्यांच्या खुर्चीसमोर ठेवला आणि दिवसभर घराबाहेर पडले नाही. कोणी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला.

"बाई, साहेब परत आलं व्हतं. बोललं काय न्हाई, निसतं हसत व्हतं. काय झालं वो?"

"काही नाही," मी म्हटलं.

ते कशाला हसले, हे मी तिला सांगितलं नाही. तेवढं तरी आमच्या दोघांचं राहू दे.