सुहासदादा आणि हिरवी खूण

पेनड्राइव्ह हातात दिला की सुहासदादा आधी त्याची चौकशी करायचा. "हा कुठून आला? मध्ये कोणाकोणाकडे राहिला? सायबरवाल्याकडे घातला होतास?" मुलीला स्थळ आलं तर बापही एवढं विचारत नाही. मी शाळेत शिकवते, प्रश्नपत्रिका त्याच्याकडे टाइप करून घ्यायचे, आणि मला नेहमीच वर्ग गाठायची घाई. मी वैतागायचे, "अरे दादा, अँटिव्हायरसने तपासलं ना? हिरवी खूण आलीय बघ, सगळं सुरक्षित." चष्म्याच्या वरून बघत त्याचं ठरलेलं उत्तर, "कोण म्हणतं?"

"अरे, मशीन म्हणतंय!"

"आणि मशीनला कोण म्हणतं?"

कपाळ माझं! मी घड्याळ बघत राहायचे आणि तो पुन्हा तपासायला घ्यायचा.

लालबागच्या आमच्या चाळीत, जिन्याखालच्या खोपटात त्याचं टायपिंगचं दुकान होतं. लग्नपत्रिका, अर्ज, मंडळाची स्मरणिका, सगळं तिथेच. समोरच्या मसाला कुटायच्या डंकावरून मिरचीचा खकाणा यायचा, गिऱ्हाईक शिंकायचं, हा मात्र मान खाली घालून टकटक करत असायचा. करत असायचा म्हणजे काय, मध्येच उठायचा. शटर ओढून बघ, प्लग हलवून बघ, घरी जाऊन गॅस बंद आहे ना बघ. पाठ टेकून बसलेला सुहासदादा मी कधी पाहिलाच नाही. वहिनी म्हणायच्या, "लग्नात अंतरपाटावरून दोनदा डोकावले. मीच आहे ना, बघायला!"

अँटिव्हायरसवर एवढा राग का, असं मी एकदा विचारलं. म्हणाला, "राग कसला गो? तो वॉचमन आहे. त्याच्याकडे जुन्या चोरांचे फोटो असतात, तेवढ्यांना तो धरतो. नवा चोर हातात मिठाईचा पुडा घेऊन आला, की हाच त्याला लिफ्टचं बटण दाबून देतो."

आणि शेवटी तसंच झालं. चाळ पाडायचं ठरलं. जुन्या चाळीतला शेवटचा गणपती, तेव्हा सुहासदादाने घराघरातले जुने फोटो गोळा केले, स्कॅन केले, खाली नावं टाइप केली आणि प्रत्येक बिऱ्हाडाला प्रसादाच्या लाडवाबरोबर एकेक पेनड्राइव्ह दिला. लोक नुसते हरखून गेले. दुसऱ्या मजल्यावरच्या शेवंतामावशी तर रडल्याच. त्यांचा विजू तरणाताठा असताना गेला. त्याचा लेझीम खेळतानाचा एकच फोटो होता, तो गळक्या भिंतीवर कुजत चालला होता. सुहासदादाने तो डाग पुसून स्वच्छ करून दिला होता.

दोन-चार दिवसांनी मी दुकानात गेले तर हा उभाच. स्क्रीनच्या कोपऱ्यात रमीची जाहिरात उगवत होती, बंद केली की पोट कमी करायच्या पावडरची. "बघ," म्हणाला, "आणि हे बघ." पेनड्राइव्ह उघडून त्याने फोल्डरवर बोट ठेवलं. फोल्डरच्या कोपऱ्यात बारीकसा बाण होता. "फोल्डरला बाण कशाला? हा फोल्डर नाहीच. फोल्डरचं सोंग घेऊन दुसरंच कोणीतरी बसलंय. आपण फोटो बघायला दाबतो आणि ते आत शिरतं. वरून जाहिराती, आतून पासवर्डची चोरी." त्याने अँटिव्हायरस लावून दाखवला. हिरवी खूण! सगळं सुरक्षित!

चोर शिरला कसा, तेही त्यानेच शोधून काढलं. मराठी टायपिंगच्या जुन्या कीबोर्डचं सॉफ्टवेअर टाकताना अँटिव्हायरस आडवा येतो, म्हणून टायपिंगवाले सगळेच त्याच्या फोल्डरला तपासणीतून सूट देऊन ठेवतात, की बाबा इथे बघू नकोस. यानेही दिली होती. नावं टाइप करायला एक जुना फॉन्ट हवा होता, तो कुठल्याशा फुकटच्या साइटवरून त्याच फोल्डरमध्ये उतरवला, आणि त्याच्याबरोबर हा, कुठल्याच वॉचमनकडे फोटो नसलेला, पाहुणा आला. "वॉचमनला मीच सांगितलं, तिकडे पाठ कर," एवढंच तो म्हणाला. त्याचा चेहरा बघवेना. 'सुहासने दिलं म्हणजे साफ' असं अख्खी चाळ म्हणायची. त्याच विश्वासावर आता घराघरात चोर पोचला होता. आणि लोक बँकेची कामं त्याच कॉम्प्युटरवर करत होते.

मी म्हटलं, "गुपचूप एकेकाला सांग." छे! मंडळाच्या सत्यनारायणाच्या दिवशी, आरती संपता संपता, याने माइक हातात घेतला. "रहिवाशांना नम्र विनंती. मी दिलेल्या पेनड्राइव्हमध्ये व्हायरस आहे. कॉम्प्युटरला लावू नका, लावला असेल तर मला सांगा. चूक माझी आहे." मंडपात मागून कोणीतरी ओरडलं, "अरे सुहास, माझा अँटिव्हायरस तर काहीच दाखवत नाही!"

"मग तेच तर सांगतोय ना!" हा माइकवरच ओरडला. सगळे हसले. मला मात्र रडू आलं.

मग वर्गणी काढावी तसा तो स्टीलचा डबा घेऊन दारोदार फिरला. पेनड्राइव्ह गोळा केले, कॉम्प्युटर साफ करून दिले, तेच फोटो नव्या पेनड्राइव्हवर घालून परत पोचवले. कोणी चहा दिला, कोणी टोमणे. सगळे आले, मावशींचा तेवढा आला नाही. चाळ रिकामी व्हायला लागली तशी त्या वडाळ्याला भाचीकडे राहायला गेल्या होत्या, आणि तो पेनड्राइव्ह त्यांनी देव्हाऱ्यात ठेवला होता. हळदकुंकू वाहिलेला.

सुहासदादा नवा घेऊन गेला. मावशी त्यांच्या मालवणीत म्हणाल्या, "तो वेगळो. ह्येची मी पूजा करतंय. माझो झिल, माझो विजू आसा ह्येच्यात, मी देवचंय नाय." हा परत आला, पुन्हा गेला, पुन्हा हात हलवत आला. मी चिडले, "अरे, देव्हाऱ्यात पडलाय, राहू दे ना!" तर म्हणाला, "भाची घरून लॅपटॉपवर काम करते. कधीतरी मावशी म्हणणारच, विजूला दाखव. त्या दिवशी काय करू?"

त्या धावपळीतच त्याच्या छातीत कळ आली. हॉस्पिटलात दुपारी भेटायला गेले तर हा कॉटवर ताठ बसलेला. वहिनी म्हणाल्या, "सगळे रिपोर्ट नॉर्मल आलेत. जरा पडा म्हणतेय तर ऐकत नाहीत." त्याने माझ्याकडे बघितलं, छातीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, "कोण म्हणतं?"

मी तडक वडाळा गाठलं. मावशींना काही पटवायला गेले नाही, फक्त सुहासदादा कुठे आहे ते सांगितलं. त्यांनी देव्हाऱ्यापुढे हात जोडले, पेनड्राइव्ह रुमालात बांधला आणि माझ्याबरोबर टॅक्सीत बसल्या. कॉटजवळ जाऊन रुमाल त्याच्या तळहातावर सोडला. पेनड्राइव्ह कुंकवाने लाल झाला होता. सवय कुठली जाते! त्याने मावशींच्याच बोलीत विचारलंच, "मावशे, मध्ये खंय खंय फिरान इलो?"

"खंयच नाय," मावशी म्हणाल्या. "थेट देवाकडसून इलो."

सुहासदादाने मूठ मिटली आणि उशीला पाठ टेकली. 'कोण म्हणतं' म्हणाला नाही.

तिसऱ्या दिवशी तो गेला. रिपोर्ट चांगलेच होते, असं वहिनी आजही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात.

मावशींसाठी तयार केलेला नवा पेनड्राइव्ह वहिनींनी माझ्याकडे दिला. मी तो घेऊन वडाळ्याला गेले. मावशींनी कुंकवाचा करंडा उघडला, बोट बुडवलं आणि थांबल्या. "ह्येच्यात विजू आसा मा गो?"

हो म्हणायला मी तोंड उघडलं होतं. मग मिटलं. पिशवीतून लॅपटॉप काढला, पेनड्राइव्ह लावला. हिरवी खूण आली. तिच्याकडे न बघता मी फोल्डरचा कोपरा नीट बघितला, बाण नव्हता. मग एकेक फोटो पुढे सारत गेले, लेझीम हातात घेतलेला विजू समोर येईपर्यंत.

"आसा," मी म्हटलं.