झालं म्हणजे? कोणी केलं?

दत्तसाहेब स्वतःशीच भांडत, आणि तेही लेखी. सकाळी 'परराष्ट्र सल्लागार' अशी सही करून एक पत्र लिहायचे, डबा उघडण्याआधी 'विज्ञान सल्लागार' म्हणून त्याला उत्तर द्यायचे, आणि चहाच्या वेळी 'प्रसिद्धी सल्लागार' होऊन त्या दोघांनाही झापायचे. 'आपले पत्र मिळाले. आपल्या मताशी मी सहमत नाही. कळावे.' ही तिन्ही पत्रं इंग्रजीत टाइप करायचं काम माझं. नागपूरच्या वर्तमानपत्रात अकरा वर्षं उपसंपादक म्हणून घासलेल्या बाईच्या नशिबी लंडनच्या ईलिंगमध्ये येऊन हे यावं, म्हणजे कमालच झाली. पहिल्याच आठवड्यात मी नवऱ्याला सांगितलं, "माणूस हुशार आहे, पण थोडा सटकलेला आहे."

सटकलेले नव्हते. ज्याचं काम ते बघायचे तो देशच लहान होता, मूठभर बेटांचा. नाव घेत नाही. घेतलं तरी नकाशात सापडायचं नाही. मोठ्या देशांच्या राष्ट्राध्यक्षांकडे परराष्ट्र धोरणाला एक सल्लागार, विज्ञानाला एक, पत्रकारांना तोंड द्यायला एक, आणि प्रत्येकाच्या हाताखाली माणसांची फौज. आमच्या राष्ट्राध्यक्षांना एकच माणूस परवडत होता. साहेब मूळचे पुण्याचे, पाण्याचे शास्त्रज्ञ. तरुणपणी त्या बेटांवर विहिरी तपासायला गेले, तेव्हा हे राष्ट्राध्यक्ष तिथे शाळामास्तर होते. दोघांची दोस्ती जमली. पुढे मास्तर निवडून आले आणि म्हणाले, लंडनमध्ये बसून आमचं काम बघ. साहेब बघत होते. स्टॅनमोरहून रोज वाकडीतिकडी वाट करून ईलिंगला यायचे, ड्रायक्लीनरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. खालून कायम इस्त्रीची वाफ वर यायची. आमचं परराष्ट्र धोरण त्या वाफेत शिजायचं.

तीन शिरं आणि एक धड, म्हणून मी त्यांना मनातल्या मनात दत्त म्हणायला लागले. एकदा फोनवर ते तोंडातून निसटलं. मी जीभ चावली. साहेब हसले. म्हणाले, "दत्ताच्या मागे चार कुत्री असतात, बाई. माझ्या मागे पत्रकार असतात. जमलं की!"

"मीही पत्रकारच होते, साहेब."

"म्हणून तर तुम्हाला बसायला खुर्ची दिली."

तीन कामांच्या तीन वह्या होत्या आणि प्रत्येक वहीचा एकेक नियम. विज्ञानाच्या वहीत विशेषण लिहायचं नाही. 'पाणी फार खराब' नाही. किती खराब, तो आकडा. परराष्ट्राच्या वहीत 'कधीच नाही' हे शब्द लिहायचे नाहीत. "लहान देशानं 'नाही' म्हणू नये, 'बघतो' म्हणावं," ते सांगायचे, "आणि मग खरंच बघावं. मोठे देश नुसतंच म्हणतात." आणि प्रेसच्या वहीत 'झालं' लिहायचं नाही.

हे शेवटचं त्यांचं वेड होतं. निवेदन ते आधी मराठीत लिहायचे, मग मी इंग्रजीत करायची. कुठे 'विलंब झाला', 'गैरसमज झाला', 'नुकसान झालं' दिसलं की पेन आपटायचे. "झालं म्हणजे? कोणी केलं? पाऊस पडतो बाई, चूक पडत नाही. चूक कोणीतरी करतं." एकदा मासेमारीचे परवाने चुकीच्या लोकांना गेले, तेव्हा तिथल्या मंत्र्यानं पाठवलेलं गुळगुळीत निवेदन त्यांनी तीनदा परत धाडलं. चौथ्यांदा मंत्र्यानं मुकाट्यानं स्वतःचं नाव घातलं. शिव्याही घातल्या असतील.

घरीही तेच. मी एकदा स्टॅनमोरला त्यांच्याकडे जेवायला गेले, तर वहिनी आतून ओरडल्या, "अहो, दूध उतू गेलं!" साहेब इथून, "गेलं म्हणजे? कोणी घालवलं?" वहिनी म्हणाल्या, "तुमच्या राष्ट्राध्यक्षांनी!" आणि मग माझ्याकडे वळून, "चाळीस वर्षं हेच ऐकतेय हो. आता मलाही सवय लागली. परवा जीपीच्या दवाखान्यात विचारलं, अपॉइंटमेंट कॅन्सल झाली म्हणजे? कोणी केली?"

दर सोमवारी अकराला राष्ट्राध्यक्षांचा फोन यायचा. साहेब पावणेअकरापासून फोनकडे बघत बसायचे. तीन वाक्यं तयार असायची, प्रत्येक वहीतलं एक. जास्त नाही. "राष्ट्राध्यक्ष कुठलाही असो, चौथं वाक्य त्याला ऐकू येत नाही," हा त्यांचा सिद्धांत. तीन वाक्यांचं आपसात जमलं नाही तर तसं सांगायचं, मुद्दाम गोड करायचं नाही. निवड करायला त्यांना निवडून दिलंय, आपल्याला नाही.

आता ती गोष्ट. इतकी वर्षं पत्रकारिता केली, पण ही बातमी लिहायचा मला कंटाळा येत होता. कंटाळा नव्हे, भीती. बरं, लिहिते.

त्या देशाच्या उत्तरेकडच्या बेटावर एक मोठा देश जेट्टी बांधून देत होता. खोदकामात सांडपाण्याची वाहिनी फुटली आणि ते पाणी विहिरींत उतरायला लागलं. सोमवारी रात्री तपासणीचे आकडे आले. जेट्टीच्या पुढच्या टप्प्याचा करार शुक्रवारी व्हायचा होता. साहेबांनी तिन्ही वह्या काढल्या. परराष्ट्र सल्लागारानं लिहिलं, शुक्रवारपर्यंत थांबावे. विज्ञान सल्लागारानं लिहिलं, विहिरीचे पाणी आज बंद करावे. प्रसिद्धी सल्लागारानं लिहिलं, आज सांगितले तर आपण सांगितले असे होईल, शुक्रवारनंतर कळले तर आपण लपवले असे होईल. मंगळवारी सकाळी स्वतःहून फोन लावून तिन्ही वाक्यं वाचून दाखवली. मग मास्तर म्हणाले, "पाण्याचं सांगून टाक."

त्याच दुपारी साहेबांनी निवेदन माझ्या हातात दिलं. "आत्ता पाठवा. आधी उत्तरेच्या रेडिओला, मग बाकीच्यांना." आणि करारासाठी स्वतः निघाले. विमान, मग दुसरं विमान, मग बोट. दोन दिवस फोन लागणार नव्हता.

ते जिन्यावरून उतरले असतील नसतील, तेवढ्यात बेटांवरच्या परराष्ट्र सेक्रेटरीचा फोन. निवेदन शुक्रवारपर्यंत ठेवून द्या. मी म्हटलं, राष्ट्राध्यक्षांनी हो म्हटलंय. ते म्हणाले, "त्यांच्याशी मी बोलतो. आणि तुमचं कॉन्ट्रॅक्ट या महिन्यात रिन्यू व्हायचंय ना? कागद माझ्याच टेबलावर आहेत." एवढंच. आवाजही चढवला नाही.

नवऱ्याचा रीडिंग गावातला प्रोजेक्ट तीन महिन्यांपूर्वीच संपला होता. तो दिवसभर घरात लॅपटॉपसमोर बसून असायचा आणि मी आले की हसायचा, ते हसणं मला बघवत नव्हतं. मुलीचं ए-लेव्हलचं, म्हणजे इथल्या बारावीचं वर्ष. घर चाललं होतं माझ्यावर. ही सगळी कारणं खरी आहेत, आणि मी ती स्वतःला इतक्यांदा सांगितली आहेत की आता त्यांचा वीट आलाय. मी निवेदन ठेवून दिलं. उद्या बघू म्हटलं. बुधवारीही उद्या बघू म्हटलं. तिकडे सेक्रेटरी राष्ट्राध्यक्षांशी बोललेच नव्हते, त्यांना वाटत होतं, गेलं असेल.

गुरुवारी सकाळी साहेबांचा फोन आला. मागे वारा घोंघावत होता. "बाई, इथे दवाखान्यात मुलं आणताहेत. रेडिओला कधी पाठवलं?"

माझ्या तोंडून निघालं, "साहेब... उशीर झाला."

मी वाट बघत बसले. आता विचारतील. जगात कुणालाही न सोडलेला प्रश्न आता मला विचारतील, आणि मी सांगून टाकेन. तयार होते मी, शपथेवर सांगते. पण साहेबांनी तो प्रश्न विचारलाच नाही. नुसतं म्हणाले, "बरं. आत्ता पाठवा." आणि फोन ठेवला.

मुलं बरी झाली. एक म्हातारी बाई गेली. तिचं वय झालं होतं, असं सगळे म्हणाले. साहेबांनी तसं म्हटलं नाही. चौकशीत त्यांनी एका ओळीचं पत्र दिलं, 'निवेदन पाठवण्यास उशीर मी केला', आणि खाली तिन्ही हुद्द्यांच्या सह्या करून तिन्ही पदांचा राजीनामा. सेक्रेटरींना सोयीचंच होतं. माझं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं. हो, झालं. आपोआप.

वह्या न्यायला ते एकदा ऑफिसात आले. मी चहा केला, त्यांनी तो उभ्यानंच घेतला. "साहेब, ते पत्र..." मी सुरुवात केली. त्यांनी दोन वह्या बॅगेत टाकल्या आणि प्रेसची वही टेबलावर ठेवली. "ही तुमच्याकडे राहू द्या. नियम माहीत आहे ना?" मी मान हलवली. जिन्यावर त्यांची पावलं ऐकली, आणि खालून वाफ आली.

त्यानंतर दोन वर्षं मी त्यांना फोन केला नाही. हातात घ्यायची, ठेवून द्यायची. दिवाळीला व्हॉट्सॲपवर पणतीचं चित्र पाठवलं. त्यांचं उत्तर आलं, 'आभार. तुम्ही कशा आहात?' मी अंगठा पाठवला. इतकी वर्षं शब्दांवर पोट भरलेल्या बाईनं अंगठा पाठवला! लाज वाटते अजून.

गेल्या हिवाळ्यात साहेब गेले. स्टॅनमोरच्या एका हॉलमध्ये शोकसभा होती. लोक त्यांच्या विहिरींबद्दल बोलले, विनोदांबद्दल बोलले. शेवटच्या त्या प्रकरणाबद्दल कोणी बोललं नाही. इथली माणसं अशा बाबतीत सभ्य असतात. मी मागच्या खुर्चीवर होते. सगळे चहाकडे गेल्यावर वहिनी येऊन माझ्याशेजारी बसल्या. फार दमलेल्या दिसत होत्या. म्हणाल्या, "तुम्ही होतात ना तेव्हा. मला एकदा सांगा, नेमकं काय घडलं? यांनी कधी तोंड उघडलं नाही."

मी म्हटलं, "काही नाही वहिनी, ते निवेदन... उशीर झाला."

"झाला म्हणजे?" वहिनी म्हणाल्या. "कोणी केला?"

नुसती सवय हो ती. चाळीस वर्षांची सवय. त्यांच्या स्वतःच्याही ध्यानात आलं नसावं.

"मी केला," मी म्हटलं.

वहिनी रागावतील वाटलं, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मग त्यांनी माझा हात धरला.

"दर सोमवारी अकराला फोनपाशी जाऊन बसायचे," त्या म्हणाल्या. "मी म्हणायचे, अहो, सुटली ना आता ती नोकरी, कुठले राष्ट्राध्यक्ष फोन करणारेत तुम्हाला? तर म्हणायचे, राष्ट्राध्यक्ष नाही गं. बाईंचा येईल."