मामांची उदबत्ती

अन्याय माझ्या चुलत वहिनीवर झाला, आणि तो गेल्या नागपंचमीला, सकाळी न्याहारीच्या आधी झाला. आदल्या दिवशी दवाखान्यात तिला टीबी निघाला होता. थोरल्या काकींनी तिचा कप, ताट, वाटी वेगळी काढली आणि तिला मागच्या अंधाऱ्या खोलीत टाकलं. त्या खोलीला एकच खिडकी, आणि तिच्यापुढे वहिनीच्याच लग्नात आलेलं लोखंडी कपाट. मी टीबीची पत्रकं वाटत गावोगाव फिरतो. माझं पत्रक काकींनी फडताळात डब्यांखाली अंथरलं होतं! मग मी माझ्या मामांना बोलावलं.

मामांइतका नकोसा पाहुणा सातारा-सांगलीत दुसरा नाही. परमुलखात उभी हयात गलाईच्या दुकानात, म्हणजे सोनं आटवून शुद्ध करण्यात घालवून ते विट्याला परतले. तेव्हापासून कुणाच्याही घरी गेले की बसत नाहीत, पाणी घेत नाहीत. खिशातली उदबत्ती पेटवून खोलीखोलीत धरतात आणि धूर कुठे जातो ते बघतात. वडूजला एका म्हातारीनं त्यांना कुणी बाबा समजून भक्तिभावानं हात जोडले, तर म्हणाले, "आवं आजी, पाया कुनाच्या पडताय? धूर बघा, हितंच घुटमळतोय. चुलीम्होरं तुमी बी अशाच कोंडलाय." माझ्या बहिणीसाठी स्थळ बघायला गेले, तर तडक स्वयंपाकघरात. "पोरगं झ्याक हाय. पर आदी भित्तीला खिडकी पाडा, मग पोरगी देतो." स्थळ मोडलं. महाबळेश्वरला धो धो पावसात लॉजच्या सगळ्या खिडक्या उघडून झोपले, सकाळी वडील चिंब गादीवर उठून बसले आणि म्हणाले, "पाव्हणं, छत्री तरी द्यायची हुती!"

तर मामा आले. काकी म्हणाल्या, "च्या घ्या आदी."

"आदी उदबत्ती."

मागच्या खोलीत धूर वर गेला, पत्र्याला लागून पसरला आणि वहिनीच्या उशाशी उतरला. ती खोकली.

"कप येगळा केलासा व्हय?"

"केला की. घरात लेकरू हाय."

"लय शानपना केलासा. ह्यो आजार कपातनं जात न्हाई, हवेतनं जातो. कप येगळा, आन् हवा समद्यांनी वाटून घेतलीया! ती खिडकी उगडा आदी."

"मग कपाट काय डोस्क्यावर ठिवू?"

"ठिवा. हवा तरी खेळंल."

काकींचा आवाज एकदम खाली आला. "खिडकी रस्त्यावर हाय, मामा. सून तिथं दिसली की गावात बोभाटा हुईल. उद्या नातीला कोन करून घील?"

मामांनी उदबत्ती विझवली. "आमी बी दुकानाची खिडकी बंद ठिवायचो. सोन्याची कनी वाऱ्यानं उडंल म्हनून. त्या वाफंत, त्या धुरात धा मानसं काम करायची, तिथंच झोपायची. कनी एक उडाली न्हाई, काकी. माझा धाकला भाऊ मातर खोकून खोकून गेला."

कपाटाला पहिला खांदा काकींनी लावला.

मग सुरुवातीचे काही आठवडे, लागण होऊ नये म्हणून, वहिनीची तीन वर्षांची लेक त्या खिडकीबाहेर पाटावर उभी राहून आईला दिवसभराच्या तक्रारी सांगायची. रस्त्यानं जाणारी माणसं आधी नुसती बघायची, आणि थोड्याच दिवसांत थांबून वहिनीला "जेवलीस का गं?" विचारू लागली. गोळ्या पुऱ्या झाल्या, वहिनी बरी झाली. काकींनी स्वयंपाकघरालाही खिडकी पाडली आणि आता ती अक्कल आपलीच म्हणून सांगतात.

मामा हल्ली फारसे येत नाहीत. उंबऱ्याशीच दम लागतो. त्यांच्या छातीत इतकी वर्षं साठलेल्या धुराला खिडकी कुठून पाडायची? पण कुणाच्या घरी उदबत्तीचा वास आला की मी अजून आधी खिडकी शोधतो.

तुमच्या खिडकीपुढे काय ठेवलंय? कपाट, दिवाण, पोती? उठा. आता हलवा ते.