दादाच्या तोंडचं 'मी'

घाटकोपरहून अंधेरीला जाताना दादाने बसमध्ये मला दोनदा विचारलं, तिथे पोलीस असले तर काय करायचं. मी म्हटलं, नसतील. खात्री मलाही नव्हती. ते दारूबंदीचे दिवस होते. परमिटाशिवाय प्यायला तो गुन्हेगार, आणि आम्ही जिथे चाललो होतो तिथे माणसाने उभं राहून 'मी पितो' असं चारचौघांत सांगायचं होतं.

तो पत्ता मला ऑफिसात मिळाला. मी फोर्टात एका कंपनीच्या टेलिफोन बोर्डवर काम करायचे. शेजारच्या खुर्चीवरच्या गोव्याच्या बाईने एक दिवस माझे सुजलेले डोळे पाहिले आणि जेवणाच्या सुट्टीत हळूच सांगितलं, की तिचाही नवरा असाच होता, सात महिने झाले थेंबाला शिवलेला नाही. पिणं सोडलेले आणि सोडू बघणारे काही लोक रविवारी संध्याकाळी चर्चमागच्या शाळेत जमतात, एकमेकांना आपापलं सांगतात, एवढंच. तिने पत्ता लिहून दिला नाही. माझ्याकडून पाठ करून घेतला.

दादा गिरणीत फिटर होता. वडील गेल्यावर आई मालवणजवळ गावीच राहिली आणि दादाने मला मुंबईला आणून इंग्रजी शाळेत घातलं, मॅट्रिकपर्यंत शिकवलं. तो स्वतः चौथीपर्यंतच शिकलेला. देवनारच्या बाजूला खाडीकाठच्या खाजणात हातभट्ट्या लागायच्या. तिथे तो आधी पगाराच्या दिवशी जायचा, मग रोज जायला लागला. वहिनी मुलांना घेऊन माहेरी निघून गेली, तेव्हा पहिल्यांदा म्हणाला, बाय, मला ने कुठेतरी.

शाळेच्या फाटकाशी एक माणूस उभा होता. कोणी पाठवलं, असं त्याने विचारताच दादा मागे वळायलाच निघाला. मी त्याची बाही धरली आणि ऑफिसातल्या बाईचं नाव सांगितलं. आत बालवर्गाच्या बुटक्या बाकांवर आठ-नऊ पुरुष गुडघे वर करून बसले होते. आम्ही शिरताच बोलणं थांबलं. एक गिरणी कामगार आणि एक तरुण मुलगी. त्यांना आम्ही खबरे वाटलो असणार. सगळं बोलणं इंग्रजीत चाले. त्यांच्यातला मोठा, पांढऱ्या मिशांचा, बोटीवरचा निवृत्त इंजिनिअर होता. तो म्हणाला, घरच्या माणसांना आम्ही इथे बसू देत नाही, पण ह्याला भाषा येत नाही म्हणून तू बस. इथलं बाहेर न्यायचं नाही.

दोन रविवार दादाने नुसतं ऐकलं, मी त्याच्या कानाशी मराठीत पुटपुटत राहिले. तिसऱ्या रविवारी तो उभा राहिला. मी इंग्रजीत सुरुवात केली, माझा भाऊ म्हणतो की... इंजिनिअरने हात वर केला. तो 'मी' म्हणतोय, तूही 'मी'च म्हण. मग मी म्हटलं, मी पितो. मी बायकोवर हात उचलला. मी पाळीवर झिंगून गेलो आणि माझ्यामुळे एकाचं बोट जाता जाता वाचलं. हे मला ठाऊक होतं. तरी माझ्याच आवाजात ते पहिल्यांदा ऐकत होते.

मग तो थांबला. त्या लोकांकडे न बघता माझ्याकडे बघत म्हणाला, "तार येळार इल्ली. माझ्याच हातात पडली." तार वेळेवर आली होती.

चार वर्षांपूर्वी आई अत्यवस्थ असल्याची तार काकांनी शनिवारी केली होती. दादाने मला सांगितलं ती सोमवारी संध्याकाळी आली म्हणून. आम्ही बोटीने पोचलो तेव्हा आईला पोचवून एक दिवस झाला होता. शेवटपर्यंत ती माझं नाव घेत होती, असं काकी म्हणाली. तारेचा कागद मी पाहिलाच नाही, त्या घाईत मागितलाही नाही. आता तो सांगत होता, की शनिवारी दुपारी तार घेऊन तो खाजणात गेला, धीर येण्यासाठी थोडी घेतो म्हणाला, आणि शुद्धीवर आला तेव्हा सोमवार उजाडला होता.

खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते. त्यांना काहीच कळलं नव्हतं. मी गप्प राहिले असते तर कधी कळलंही नसतं.

"सांग गो तेंका," दादा म्हणाला.

मी सांगितलं. माझी आई मरत होती, तार माझ्या खिशात होती, आणि मी माझ्या बहिणीला कळू दिलं नाही. 'माझी बहीण' म्हणताना अडखळले, पण वाक्य पुरं केलं. इंजिनिअर उठला, दादाच्या खांद्यावर हात ठेवला आणि मला पाणी दिलं.

परतताना बसमध्ये मी वेगळ्या बाकावर बसले. आठवडाभर मी त्याचं ताट वाढून ठेवत होते, बोलत नव्हते. रविवारी तो कपडे करून दारात उभा राहिला. मी उठले नाही. तो एकटाच गेला. न कळणाऱ्या भाषेत दोन तास बसला आणि थेट घरी आला. मी जवळ जाऊन वास घेतला. नव्हता.

त्याच्या पुढच्या रविवारी मी गेले. माफ केलं होतं असं नाही. तो एकटा तिथे काय करत बसणार, एवढंच मनात होतं. पुढे मरोळचा एक ईस्ट इंडियन ख्रिस्ती गृहस्थ तिथे यायला लागला. त्याला घरचीच मराठी. त्याने माझं काम घेतलं आणि मी सुटले. दादा मध्ये एकदा घसरला, तीन दिवस सापडला नाही. त्या मरोळच्या गृहस्थानेच त्याला शोधून आणलं.

वहिनी वर्षाने मुलांना घेऊन परत आली. पहिले काही महिने ती रोज संध्याकाळी दारातच त्याला अडवायची. तो चपला काढायच्या आधी, काही न बोलता, तोंड पुढे करून उभा राहायचा.